कॉफीचें यंत्र व उष्णतेची साक्ष

घरांतील एस्प्रेसो यंत्र एकाएकीं बिघडतें, तेव्हां त्याचा दोष बहुधा मोठ्या अवयवांत नसतो. पंप धडधाकट असतो, बंब शाबूत असतो, पाणी तापविणारी तार सुस्थितींत असते. आणि तरीहि कॉफी कधीं आंबट तर कधीं करपट उतरते, किंवा दिवा लुकलुकून यंत्र मुळीं तापावयासच नकार देतें. शोध करतां करतां अखेर हातीं येतो तो हरभऱ्याहूनहि लहान असा एक मणि, त्याच्या दोन बारीक तारा आणि त्यावरचें पितळेचें टोपण. यालाच हल्लीं सर्रास सेन्सर म्हणतात; आपण त्यास संवेदक म्हणूं. तो काढून दुसरा बसविला कीं यंत्र पूर्ववत् चालूं लागतें. काम तास-दीड तासाचें. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला येथें एक प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं. एस्प्रेसोच्या आरंभींच्या यंत्रांत असला मणि नव्हता. कित्येक दशकें हें पेय त्याच्यावांचून होत होतें आणि लोक तें आवडीनें पीत होते. मग या इवल्याशा वस्तूच्या हातीं एवढी सत्ता आली कोठून?

प्रथम पेयाविषयीं दोन शब्द. महाराष्ट्रांत ‘एस्प्रेसो’ हें नांव पुष्कळांनीं पहिल्यानें ऐकलें तें लग्नाच्या मांडवांत. दूध, साखर व कॉफीची पूड वाफेच्या नळीनें फेसाळवून वर चॉकलेटची भुकटी भुरभुरलेलें तें पेय चवीला वाईट असतें असें आमचें म्हणणें नाहीं. पण इटलींत ज्याला एस्प्रेसो म्हणतात तें निराळें. तेथें सुमारें सात ग्रॅम बारीक दळलेल्या कॉफींतून नऊ वातावरणांइतक्या दाबानें पाणी ढकलावयाचें, पंचवीस-तीस सेकंदांत दोन घोटांएवढा अर्क उतरवावयाचा, आणि त्या पाण्याचें उष्णतामान नव्वद अंशांच्या जवळपास राखावयाचें. पाणी चार अंशांनीं थंड असलें तर अर्क आंबट होतो, चार अंशांनीं ऊन असलें तर कडू. इतकी सूक्ष्मता मुळांत कोणीं मागितली नव्हती. ती हळूहळू आली, आणि कशी आली तेंच सांगावयाचें आहे.

१८८४ सालीं इटलींतील टुरिन शहरीं मोठें प्रदर्शन भरलें. तेथें अँजेलो मोरिओंदो नांवाच्या हॉटेलमालकानें वाफेच्या जोरावर झटपट कॉफी करणारें एक यंत्र मांडलें, त्याच वर्षीं त्याचें पेटंट घेतलें, व त्याला ब्राँझचें पदक मिळालें. शहराच्या मध्यवस्तींत त्याचा धंदा होता. गिऱ्हाइकांची गर्दी आणि कॉफी व्हावयास लागणारा वेळ यांचा मेळ बसविणें एवढाच त्याचा हेतु. यंत्र एकदम पुष्कळ पेल्यांची कॉफी करी. मोरिओंदोनें तें विकावयास काढलें नाहीं, आपल्याच जागीं चालविलें. त्यामुळें लोक त्याचें नांव विसरून गेले व तें पेटंटाच्या दप्तरांत तेवढें राहिलें. पुढें १९०१ सालीं मिलानच्या लुइजी बेझेरानें एकेका पेल्यापुरती कॉफी करणारें यंत्र सिद्ध केलें. उभ्या पिंपासारखा बंब, त्याला तोंडें, आणि प्रत्येक तोंडाला अडकवावयाची दांड्याची गाळणी. ती गाळणी आजहि जवळजवळ तशीच आहे. १९०३ सालीं देझिदेरिओ पावोनीनें त्याचे हक्क घेतले, आणि १९०६ च्या मिलानच्या प्रदर्शनानंतर हीं यंत्रें उपाहारगृहांतून दिसूं लागलीं.

आतां या पिंपांत उष्णता मोजणारें कांहीं नव्हतें, तें अज्ञानामुळें नव्हे. त्याची गरजच नव्हती. बंद भांड्यांत पाणी व त्याची वाफ एकत्र कोंडलीं म्हणजे दाब आणि उष्णतामान हीं एकमेकांशीं जखडलीं जातात. एक ठरलें कीं दुसरें ठरलेंच. बाहेरच्या हवेपेक्षां एक वातावरणाइतका दाब अधिक असेल तर आंतील उष्णतामान सुमारें १२० अंश, दीड वातावरण अधिक असेल तर १२७. दनी पापँ या फ्रेंच पंडितानें १६७९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें हाडें शिजविणारें बंद भांडें ठेवलें. त्या भांड्यामागोमाग त्याची सुरक्षा-झडपहि आली. आपल्या स्वयंपाकघरांतील कुकराची शिटी ही तिचीच वंशज. १८४९ सालीं यूजीन बूर्दोंनें वांकड्या नळीचा दाबमापक काढला. पिंपावर ही तबकडी व ही झडप असली कीं कॉफीवाल्याला हवी ती सर्व बातमी मिळे. तबकडी दाब सांगे आणि न बोलतां उष्णताहि सांगे.

परंतु याच जखडलेपणांत त्या यंत्राचें वैगुण्य होतें. जोर वाढवावयाचा तर उष्णता वाढलीच पाहिजे. केवळ वाफेनें नऊ वातावरणांचा दाब आणावयाचा म्हटलें तर पाणी १८० अंशांवर न्यावें लागेल, आणि तसल्या पाण्यानें कॉफी होणार नाहीं, कोळसा होईल. म्हणून पावोनीच्या काळचीं यंत्रें दीड वातावरणापाशीं थांबत, आणि तेवढ्यांतहि कॉफीला करपट वास येई. आज आपण ज्याला एस्प्रेसोची साय म्हणतों ती तिच्यावर नसे. त्या काळचें एस्प्रेसो म्हणजे घाईनें केलेली कडक काळी कॉफी. तिचें कौतुक करणाऱ्या लेखकांनीं आजची चव मनांत धरून त्या काळचीं वर्णनें करूं नयेत.

ही बेडी तोडली ती मिलानच्या आकिल्ले गाज्जानें. १९३८ सालीं त्यानें वाफेचा जोर न वापरतां दट्ट्यानें पाणी दाबण्याची युक्ति नोंदविली. महायुद्ध संपल्यावर, १९४७-४८ च्या सुमारास, तिला स्प्रिंग व लांब दांडा यांची जोड मिळाली. दांडा खालीं ओढला कीं स्प्रिंग आवळे व कॉफीवरच्या पोकळींत पाणी शिरे. दांडा सोडला कीं स्प्रिंग सैल होत होत तें पाणी आठ-दहा वातावरणांच्या दाबानें कॉफींतून काढी. बंबांतील दाब पूर्वींइतकाच, पण त्याचें काम आतां केवळ पाणी वर पोंचविण्याचें. अर्कावर तांबूस साय धरूं लागली. गिऱ्हाइकें आरंभीं बिचकलीं, हा फेस कसला असें विचारूं लागलीं, आणि गाज्जानें आपल्या यंत्रांवर ती ‘नैसर्गिक साय’ असल्याचें छापून टाकलें. दोषाचेंच भूषण करण्याची ही हिकमत व्यापाऱ्यालाच सुचावी.

आमच्या मतें एस्प्रेसोच्या इतिहासांतील खरा सांधा येथें आहे, आणि त्याच्याकडे सायीच्या गौरवांत दुर्लक्ष होतें. दाब आणि उष्णता यांची येथें फारकत झाली. त्या क्षणापासून दाबाची तबकडी कॉफीच्या पाण्याविषयीं विश्वासानें कांहीं सांगेनाशी झाली. कारण बंबांतून निघालेलें पाणी कॉफीपर्यंत पोंचेतों किती निवेल हें मधल्या लोखंड-पितळेच्या गरमपणावर अवलंबून राहूं लागलें. सकाळचा पहिला पेला थंड धातूंतून येई, गर्दीच्या वेळचा विसावा तापलेल्यांतून. कसबी माणूस धातूला हात लावून हें ओळखी, वेळीं ओल्या फडक्यानें त्याला निववी. म्हणजे तबकडीची जागा प्रथम यंत्रानें घेतली नाहीं, माणसाच्या तळहातानें घेतली.

पुढची पायरी १९६१ ची. फाएमा कंपनीच्या एर्नेस्तो वालेंतेनें दांड्याच्या जागीं विजेचा पंप बसविला आणि कॉफीच्या तोंडाच्या जाड धातूंतून गरम पाणी सतत फिरत ठेवण्याची योजना केली. त्या वर्षीं १५ फेब्रुवारीस इटलींतून खग्रास सूर्यग्रहण दिसलें होतें. त्यावरून यंत्राला ‘ई ६१’ हें नांव मिळालें. पंपामुळें माणसाच्या दंडाचें काम संपलें, आणि फिरत्या पाण्यामुळें तळहाताचेंहि बरेंच कमी झालें. कित्येक किलो पितळ व कित्येक लिटर पाणी एकदां तापलें कीं तें सहजासहजीं निवत नाहीं आणि भडकतहि नाहीं. मोठ्या यंत्राची स्थिरता ही मुख्यतः त्याच्या वजनाची स्थिरता होय.

घरांत मात्र हें वजन कोण ठेवणार? आल्फोन्सो बिआलेत्तीची १९३३ ची मोका किटली इटलीच्या घरोघरीं पोंचली खरी, पण ती वाफेच्याच जोरावर चालते. तिचें काम मोरिओंदोच्या जातीचें. १९६१ च्याच सुमारास पावोनीच्या कारखान्यानें घरगुती दांड्याचें छोटें यंत्र काढलें. त्याच्या आरंभींच्या नमुन्यांत उष्णता आवरणारें आपोआप असें कांहीं नव्हतें; झडप फुसफुसूं लागली कीं घरच्या माणसानें कळ फिरवून आंच कमी करावी. कानच तेथें संवेदक होता! पुढें विजेच्या पंपाचीं लहान यंत्रें आलीं आणि प्रश्न खरोखर बिकट झाला. हिशेब करून पाहावा. बंबांत १०० ग्रॅम पाणी आहे आणि तार १,२०० वॅटची आहे असें धरलें, तर धातूचा वांटा वगळून तें पाणी सेकंदास जवळजवळ तीन अंशांनीं तापेल. धातू हिशेबांत घेतला तरी एक-दीड अंशांनीं. चार अंशांनीं चव बिघडते हें वर आलेंच आहे. म्हणजे तीन-चार सेकंदांची गफलत पुरे. जेथें भांडें लहान तेथें पहारेकरी चपळ पाहिजे. संवेदकाची सत्ता या लहानपणांतून आली.

पहारेकऱ्याची कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीं कॉर्नेलिस ड्रेबेल नांवाचा एक डच कारागीर इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयास होता. टेम्स नदींत पाण्याखालून होडी चालविणारा तोच. त्यानें अंडीं उबविण्यासाठीं एक भट्टी केली. तींत मद्यार्क व पारा भरलेली नळी ठेवली. उष्णता वाढली कीं मद्यार्क फुगून पारा वर चढे, पारा एक काठी उचली, काठी धुराड्याची झडप मिटी, आणि विस्तव मंद होई. माणसाचा हात न लागतां उष्णता स्वतःला आवरते आहे, असें हें यूरोपांतील फार प्राचीन उदाहरण. १८३० सालीं अँड्र्यू यूर यानें दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या एकत्र जोडून त्यांच्या वांकण्यानें उष्णता आवरण्याचें पेटंट घेतलें व त्या साधनाला ‘थर्मोस्टॅट’ हें नांव दिलें. आपल्या विजेच्या इस्त्रींत टिक् असा आवाज होतो तो याच पट्टीचा. पहिल्या पिढीच्या घरगुती यंत्रांत अशीच द्विधातु चकती असे. ती प्रामाणिक असते पण मंद; तापलें कीं तोडते, पुष्कळ निवलें कीं जोडते, आणि मधल्या दहा-पंधरा अंशांचे हेलकावे मुकाट्यानें सोसावे लागतात.

हरभऱ्याहून लहान अशा ज्या मण्यापासून आपण निघालों त्याचा पूर्वज दुसऱ्याच घराण्यांतला. तापविलें असतां धातू विजेला अधिक विरोध करतात, हा सामान्य नियम. १८३३ सालीं मायकेल फॅरडेला असें आढळलें कीं रुप्याचा गंधकाशीं झालेला संयुग पदार्थ उलट वागतो. तो तापला कीं वीज अधिक सहज वाहते. या विलक्षण गोष्टीचा व्यवहारांत उपयोग व्हावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. १९३० सालीं सॅम्युअल रूबेननें या गुणावर चालणारें साधन सिद्ध केलें. आजचे मणि मँगॅनीज, निकेल, कोबाल्ट यांसारख्या धातूंच्या भस्मांपासून भाजून केलेले असतात. त्यांतील एका प्रचलित जातीचा रोध २५ अंशांवर ५०,००० ओहम असतो, आणि कॉफीच्या उष्णतामानाला तो सव्वाचार हजारांवर उतरतो. एवढा मोठा उतार असल्यामुळें अर्ध्या अंशाचा फरकहि लपत नाहीं. या बातमीवरून तार केव्हां व किती पेटवावयाची हें ठरविण्याचें शास्त्रहि आयतें होतें. निकोलस मिनॉर्स्कीनें १९२२ सालीं जहाजांच्या सुकाणूविषयीं तें मांडलें. जहाज आतां किती भरकटलें आहे एवढेंच कुशल सुकाण्या पाहत नाहीं. आजवर किती भरकटत आलें आणि पुढें कोणत्या वेगानें भरकटणार याचाहि तो अंदाज घेतो, हें त्यानें गणितांत बसविलें. २००० सालाच्या सुमारास कांहीं हौशी लोकांनीं हें गणित आपल्या घरच्या कॉफी-यंत्रांना जोडलें, आणि पुढें कारखानदारांनीं तें उचललें.

अशा रीतीनें दंड, कान आणि तळहात यांची साक्ष बाजूला पडून एकाच साक्षीदारावर सगळा निवाडा येऊन ठेपला. तो फिरला म्हणजे काय होतें? मण्याची तार तुटली तर रोध अनंत होतो. यंत्राला वाटतें कीं बाहेर हिमालयाहून अधिक थंडी आहे, आणि तें तार पेटवीत सुटेल. म्हणून शहाणे कारखानदार असली अशक्य बातमी आली कीं यंत्र बंद पाडतात, आणि त्यावर आणखी एक फ्यूज ठेवतात, जो अति तापल्यास वितळतो व पुन्हां जुळत नाहीं. आंतल्या आंत तारा चिकटल्या तर उलट. यंत्राला वाटतें पाणी भयंकर तापलें आहे, आणि तें तापवीतच नाहीं. हे दोन्ही दोष उघडे आहेत. तिसरा मात्र छपून येतो. मण्यावर बोअरच्या पाण्याच्या क्षारांचा थर बसतो, किंवा त्याच्या व बंबाच्या मधला उष्णतावाहक लेप वाळून फट पडते, किंवा वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्यानें मणि स्वतःच बदलतो. तो बोलत राहतो, गुळगुळीत बोलतो, आणि पांच-सहा अंश खोटें बोलतो. राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची जी झडती घेतली तिची येथें आठवण होते. पानिपताविषयीं ज्या बखरीनें मौन धरलें तिनें कोणाला फसविलें नाहीं. फसविलें तें सुसंगत व रसाळ गोष्ट सांगणारीनें. तिची परीक्षा मूळ पत्रांशीं ताडूनच करावी लागते. मण्याचीहि तशीच.

आमच्या घरीं मध्यंतरीं हाच तिसरा दोष उद्भवला. कॉफी दिवसेंदिवस कडू होत गेली आणि यंत्राचा आंकडा मात्र ९३ वर निश्चल. एका दुरुस्ती-केंद्रांत सांगण्यांत आलें कीं मणि सुटा मिळत नाहीं, सबंध बंब बदलावा लागेल. खर्च नव्या यंत्राच्या जवळजवळ निम्मा. वस्तु मोडली तर ती दुरुस्त करण्याचा ग्राहकाला हक्क आहे अशा आशयाचें एक संकेतस्थळ भारत सरकारच्या ग्राहक-व्यवहार विभागानें २०२२ सालीं काढलें. पण असल्या उत्तरापुढें तो हक्क लंगडा पडतो. कांहीं रुपयांच्या मण्यासाठीं सुस्थितींतला बंब भंगारांत जावा, यांत कसली काटकसर आणि कसली सुधारणा? आमचा पुतण्या इंजिनियर आहे. तो म्हणाला, “काका, मणि बाजारांत दोनशें रुपयांच्या आंत मिळतो. तुम्ही फक्त जुन्यावरचें बारीक लिहिलेलें वाचून दाखवा.”

कृति थोडक्यांत अशी झाली. विजेची पिन भिंतीवरून काढली. नुसती कळ बंद करून भागत नाहीं, कारण आंत २३० व्होल्ट असतात. यंत्र पुरतें निवूं दिलें, पाणी काढून टाकलें. झांकण उघडल्यावर तारांची मांडणी कागदावर उतरवून घेतली. मग मण्याच्या तारा सोडवून मल्टिमीटर लावला. खोलींत २५ अंश उष्णतामान असतां रोध ५०,००० हवा होता तो ६१,००० भरला. म्हणजे जुना मणि खोलीच्याच उष्णतामानाला चार-साडेचार अंश कमी सांगत होता, आणि वर ९० च्या पुढें त्याची चूक साडेसहा अंशांपर्यंत जात होती. यंत्र ९३ दाखवी तेव्हां पाणी खरोखर शंभरीला टेकत होतें. कडूपणाचा पुरावा मिळाला. जिभेनें महिनाभर जी तक्रार चालविली होती ती खरी ठरली, याचा आमच्या पुतण्याच्या काकूंना विशेष संतोष वाटला.

नवा मणि बसविण्यापूर्वीं त्याचीहि परीक्षा घेतली. थर्मासमध्यें कुटलेला बर्फ व पाणी घालून शून्य अंश, आणि चुलीवर उकळतें पाणी ठेवून दुसरें टोंक. १७४२ सालीं स्वीडनमधील अँडर्स सेल्सियसनें आपल्या मापाला हींच दोन टोंकें दिलीं होतीं, मात्र त्यानें उकळत्या पाण्याला शून्य व बर्फाला शंभर म्हटलें होतें. टोपणाच्या सांध्यांतून पाणी आंत जाऊं नये म्हणून मणि पातळ पिशवींत गुंडाळून बुडविला. बर्फांत तो कोष्टकाप्रमाणें बरोबर उतरला. उकळत्या पाण्यांत मात्र ३,७०० ओहमच्या आसपास थांबला, आणि कोष्टकांत १०० अंशांपुढें ३,५०० छापलेलें. पुतण्या तो परत पाठविण्याच्या बेतांत होता. परंतु कोष्टक समुद्रसपाटीवर नव्हे, शुद्ध अंशांवर केलेलें असतें, आणि पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच आहे. येथें पाणी ९८ अंशांवरच उकळतें. महाबळेश्वरीं तें ९५-९६ वरच उकळेल. कोष्टकांत ९८ च्या ओळीपुढें ३,७०० च लिहिलें होतें. मग मण्याला लेप लावला, आटे फार न आवळतां तो बसविला, तारा जोडल्या, झांकण लावलें. पहिले दोन पेले मोरींत ओतले, आणि तिसरा काकूंच्या हातीं दिला.